सहाव्या फेऱ्याला थांबणारा माणूस

नळ पुन्हा फुसफुसायला लागलेत.

परवा सकाळी मोरीतून तो आवाज आला आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, "आलं गं, हंडा लाव!" मी हंडा लावला. पाणी नव्हतं आलं. नळाच्या तोंडाशी हात धरला तर गार वारा लागला, गंजाचा वास असलेला. मग तोही थांबला. होळी अजून व्हायचीय. गल्लीच्या तोंडावरच्या लिंबाला कोवळी तांबूस पालवी आहे, दहावीची पोरं गच्चीवर येरझारा घालत पाठांतर करतायत, आणि नळातून वारा येतोय. लोकांचा उन्हाळा कोकिळेपासून सुरू होत असेल. आमचा नळाच्या घशातून सुरू होतो.

तो आवाज ऐकला की मला एक लोखंडी चावी आठवते. छातीइतकी उंच, वर आडवी दांडी, हात लागून लागून दांडी चकचकीत झालेली. आणि त्या चावीला कान लावून खड्ड्याशेजारी उकिडवा बसलेला एक माणूस आठवतो. त्या माणसाची भाकरी मी एका कागदावर घालवली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना मला कुणी भोळी समजणार नाही.

मी पत्रकं लिहिते. एकोणिसाव्या वर्षापासून. आमच्या संघटनेतल्या थोरल्यांनी मला तीन गोष्टी शिकवल्या होत्या. कागद एकच घ्यायचा. मागणी एकच ठेवायची. आणि चोरही एकच. "दोन चोर ठेवले की लोक गोंधळतात, घरी जातात," असं ते म्हणायचे. मी हुशार शिष्य होते. मला चोर पटकन सापडायचा.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. सलग दुसरा. पेपरात रोज भेगाळलेल्या तळ्याचा फोटो यायचा आणि त्याच पानाच्या खालच्या अंगाला नव्या सोसायटीची जाहिरात, तिच्यात निळाशार पोहण्याचा तलाव. हे एका पानावर छापताना कुणी कसं थबकत नाही, असं मला वाटायचं. अजून वाटतं. मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं आमची वस्ती. तिच्यापुढं आधी माळ होता. बघता बघता माळावर चुन्याच्या रेघा पडल्या, रेघांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर घरं झाली, आणि प्रत्येक नव्या घरानं आमच्याच जुन्या पाइपाला आपली नळी जोडली. आठवड्यातून एक दिवस पाणी. त्या दिवसाला आमच्याकडं वाराचं नाव नव्हतं, नुसतं 'पाण्याचा दिवस' म्हणायचे. त्या दिवशी कुणी गावाला जात नसे, कुणी पाहुणा बोलवत नसे. एकीनं तर नवऱ्याला सांगून मुलीचा बघण्याचा कार्यक्रम पुढं ढकलला होता.

पाणी सोडायला भिवामामा यायचा. पाणीपुरवठ्याचा लाइनमन, रोजंदारीवरचा. काळा, सडपातळ, डोक्याला कायम पांढरा रुमाल, खांद्यावर ती चावी. घराणं मेंढपाळाचं. ज्या माळावर त्याच्या बापाची मेंढरं चरायची, त्याच माळावरच्या घरांना आता तो पाणी सोडायचा. याचं त्याला काही वाटतं का, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

त्याची एक रीत होती. खड्ड्यावरचं झाकण काढायचा, चावी व्हॉल्व्हवर बसवायचा, दोन फेरे फिरवायचा आणि थांबायचा. उकिडवा बसायचा. चावीच्या दांडीला कान लावायचा, डोळे मिटायचा. अर्धी विडी होईल इतका वेळ. मग आणखी दोन फेरे. परत बसायचा. मग शेवटचे दोन. सहा झाले की चावी काढून खांद्यावर टाकायचा आणि चालू पडायचा. व्हॉल्व्ह अकरा फेऱ्यांचा होता, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं, कारण त्यानंच कधीतरी सांगितलं होतं.

तहानलेली गल्ली हंडे लावून उभी, आणि हा डोळे मिटून बसलेला.

"मामा, अंडी उबवताय काय?" मंदाकाकू विचारायच्या. त्यांचं घर गल्लीच्या शेवटी, उताराला. तोंड तिखट.

"पिल्लं निघाली की तुमच्याकडंच धाडतो, बाई."

"पिल्लं नको, पाणी धाडा. अजून पाच फेरे हायेत त्याला."

"हायेत की. ऱ्हाऊ द्या त्यास्नी."

हे 'राहू द्या' मला डसलं. अकरातले सहा म्हणजे जवळजवळ निम्मं. मग उरलेलं निम्मं पाणी कुठं जातं? उत्तर समोर दिसत होतं. नव्या सोसायट्यांच्या टाक्या भरत होत्या. मी वहीत मांडलं: अकरा फेरे, सहा फेरे, पाच फेरे गायब. सरळ हिशेब. पत्रकाचा मथळा आपोआप सुचला: 'आमचे पाच फेरे कुणाच्या घशात?' आणि खाली, ठळक अक्षरात, पूर्ण नावानिशी, लाइनमन.

आमच्या शेजारच्या घराच्या वरच्या खोलीत तेव्हा नसीमबाजी भाड्यानं राहायच्या. बाजी म्हणजे ताई. भौतिकशास्त्रात संशोधन करत होत्या. कशावर, तर गळणाऱ्या नळावर. हे ऐकून अख्खी गल्ली आठ दिवस हसली होती. दुष्काळात, ज्या गल्लीत नळाला पाणी नाही त्या गल्लीत, एक बाई गळक्या नळावर डॉक्टर होणार. मंदाकाकू म्हणायच्या, "आमच्या घरचा घेऊन जा म्हणावं, गळतबी नाय, वाहतबी नाय. त्याच्यावर दोनदा डॉक्टर होशील."

बाजींच्या गच्चीवर, पत्र्याच्या सावलीत, एक कॅन टांगलेला होता. कॅनला छोटी तोटी, तोटीखाली लाल उजेडाची बारीक रेघ. थेंब पडला की रेघ तुटायची आणि लॅपटॉप वेळ टिपायचा. खाली बादली. बादलीतलं पाणी परत वरच्या कॅनमध्ये ओतायचं काम माझ्याकडं होतं, कारण मला परीक्षेनंतर उद्योग नव्हता आणि बाजींकडं पंखा होता. तेच पाच लिटर पाणी पूर्ण उन्हाळाभर फिरत होतं. उन्हानं उडून जाईल तेवढं रोज पेलाभर वर घालायचं. त्या पेल्याचीही बाजींना लाज वाटायची. आपल्या पिण्यातला द्यायच्या.

त्या गच्चीवर मी जे बघितलं ते मला आजवर कुठल्या भाषणात वापरता आलेलं नाही. तोटी किंचित उघडी असली की थेंब घड्याळासारखे पडतात. टप, टप, टप, मधलं अंतर सारखं. केसभर जास्त उघडा. आता जोड्या होतात. एक अंतर लांब, एक आखूड, टप-टप, टप-टप. आणखी केसभर उघडली की जोड्यांच्या जोड्या. आणि मग अजून एक इवलासा धक्का दिला की सगळा ताल मोडतो. कधी दोन थेंब गळ्यात गळा घालून येतात, कधी एक येतच नाही, वाट बघायला लावतो. तोटी तीच, पाणी तेच, आपण काही वेगळं केलेलं नाही. थोडं जास्त, एवढंच.

"बिघडला काय?" मी विचारलं होतं.

"बिघडा नै. अब्बी तो बोलने लगा," बाजी म्हणाल्या. त्यांनी समजावलं ते असं. थेंब सुटतो तेव्हा मागं राहिलेलं पाणी तोटीच्या ओठावर हलत राहतं. त्या हलण्यावर पुढचा थेंब कधी सुटणार ते ठरतं. म्हणजे पुढच्या थेंबाच्या पोटात आधीच्या थेंबाचा धक्का असतो. नियम मोडलेला नसतोच, नियमातूनच ते वेडंवाकडं येतं. "तेरे कू लगता, डबल किया तो डबल होएंगा. हर बार नै होता, वैजू. जादा चीजां वैसी नै होतीं."

मला ते सुंदर वाटलं होतं. पण गच्चीवरचं गच्चीवर, आणि पत्रक पत्रकाच्या जागी.

पत्रकाचा मसुदा मी त्यांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. चष्मा कपाळावर चढवला.

"अकरा में के छे, मतलब आधा पानी? ये कैसे निकाली?"

"गणितानं."

"कौनसे?"

"बाजी, अकरातून सहा गेले की पाच. आता यात कसलं कौनसं?"

"ठैर जा ना दो दिन. मैं नापके दिखाती तेरे कू. तोटी है, नली है, लोटा है. और क्या होना?"

"उद्या पाण्याचा दिवस आहे. आज संध्याकाळी छापून येतंय."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. कॅनकडं गेल्या. मी जिना उतरले. त्या दोन दिवसांची वाट मी बघितली नाही, ही माझी चूक. बाकीचं पुढं आपोआप झालं, थेंबाच्या धक्क्यासारखं.

पत्रक गाजलं. सकाळी दुधाच्या पिशवीबरोबर घरोघरी गेलं. त्याच दिवशी आमचं शिष्टमंडळ पाण्याच्या ऑफिसात गेलं. तिथल्या साहेबांनी पत्रक हातात घेतलं, वाचलं, आणि काय सांगू, खूश झाले. इतके दिवस लोक त्यांना शिव्या देत होते. आता शिव्यांना वेगळा पत्ता मिळाला होता. त्यांनी लगेच कागद काढला: नागरिकांच्या मागणीनुसार पुढील पाळीला व्हॉल्व्ह पूर्ण उघडण्यात यावा. मी तो कागद झेंड्यासारखा घेऊन आले.

पुढच्या पाण्याच्या दिवशी खड्ड्याभोवती गर्दी. ऊन कलायचं होतं. भिवामामानं दोन फेरे दिले आणि नेहमीसारखा बसला.

"ऑर्डर वाचली ना मामा?" मी म्हणाले.

"वाचून दावली सायबांनी. करतो की. दम धरा. खाली हवा हाय."

"हवा आठ दिवस खातोयच आम्ही!" मंदाकाकू.

"बाई, आठ दिस पाइप रिकामा हाय. त्याच्यात हवा बसलीय. तिला जाया वाट पायजे. येकदम रेटलं तं ती कुठं जाईल?"

"सोसायटीत जाईल," मागून कुणीतरी बोललं, आणि सगळे हसले.

मी चावी धरली. मंदाकाकूंनी दुसऱ्या बाजूनं धरली, त्यांच्या मिस्टरांनीही हात घातला. भिवामामा बाजूला झाला. झटापट केली नाही त्यानं. फक्त रुमालानं तोंड पुसलं. आम्ही तिघांनी फेरे मोजत फिरवले, मोठ्यानं, सगळ्या गल्लीनं आमच्याबरोबर मोजले. सात! आठ! नऊ! अकराला टाळ्या पडल्या.

गल्लीतले नळ ओरडायला लागले. फुसफुस नाही, शिट्ट्या. एका घरातली तोटी निघून भिंतीवर आदळली. पोरं नाचत होती. आणि मग पायाखाली, जमिनीच्या आत, एक ठोका पडला. कुणीतरी खालून पहार मारावी तसा. उताराच्या टोकाला, बरोबर मंदाकाकूंच्या दारात, माती फुगली, फुटली, आणि पाणी उभं राहिलं. पुरुषभर. लाल चिखलाचं कारंजं, त्यांच्या उंबऱ्यावरून थेट आत.

"बंद करा! बंद करा!"

"हळू!" भिवामामा त्या दिवशी पहिल्यांदा ओरडला. "हळू बंद करा, येकदम नगा! पाणी पळतंय, त्याला येकदम आडवू नगा!"

आम्ही ऐकलं नाही. जेवढ्या जोरात उघडला होता त्याच्या दुप्पट जोरानं बंद केला. दुसरा ठोका लांब पडला, स्टेशनच्या बाजूला, मोठ्या पाइपावर. तो जेवढा ऐकू आला त्याहून जास्त जाणवला. दातांत.

गल्लीच्या शेवटच्या घरात गुडघाभर चिखल होता आणि त्याच घरातले सगळे हंडे कोरडे होते. मंदाकाकू दारात बसल्या होत्या. त्यांच्या हातात केरसुणी होती आणि ती कुठून सुरू करायची ते त्यांना कळत नव्हतं. तो पाण्याचा दिवस गेला. पुढचाही गेला. टँकर आला तेव्हा बायकांनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या. त्या भांडणात माझ्या आईचाही हात उचलला गेला होता. मी बघितलंय.

पाइप फुटल्याच्या चौथ्या दिवशी कळलं की भिवामामाला कामावरून काढलं. कारण: व्हॉल्व्ह हाताळण्यात निष्काळजीपणा. आणि त्याच्या कामाबद्दल नागरिकांची तक्रार पूर्वीपासूनच होती, याचा पुरावा म्हणून फाइलला जोडलं होतं माझं पत्रक. मी ते फाइलमध्ये बघितलं. टाचणी बरोबर मथळ्यातून गेली होती. ज्या ऑफिसाविरुद्ध मी लिहायला शिकले, त्याच ऑफिसाचा मी साक्षीदार झाले होते.

मंदाकाकू म्हणाल्या, "चावीला आपला हात होता ते बाहेर बोलू नको बरं का. पाइपाचा खर्च आपल्यावर आला मंजी?" बाकी सगळे आपापल्या दारात शिरले. आपल्याकडं अशा वेळी सगळ्यांना एकदम कामं आठवतात.

मी गच्चीवर गेले.  बाजींनी तोटीला एक लांब, बारीक नळी जोडली, नळीच्या तोंडाशी लोटा ठेवला, हातात घड्याळ दिलं. तोटी निम्मी उघडली, लोटा भरला, मी वेळ लिहिला. तोटी पूर्ण उघडली, लोटा भरला. वेळ तेवढाच. मी परत केलं. परत तेवढाच. पाच-सहा वेळा केलं, शेवटी रडायला आलं.

"अडचन तोटी में हैच नै," बाजी म्हणाल्या. "नली में है. पैले थोडे फेरों में जो आनेका वो आ जाता. बाद में कित्ते बी घुमा, नली देंगी उत्ताच पानी."

म्हणजे सहाव्या फेऱ्यानंतर पाणी वाढतच नव्हतं. भिवामामाचे ते पाच फेरे कुणाच्याच घशात गेले नव्हते. ते नव्हतेच.

मग तिनं, म्हणजे बाजींनी (त्या बरोबर निघतात तेव्हा रागानं मी त्यांना मनात अगंतुगं करते, अजूनही), आमच्या भागातल्या पाइपांचा नकाशा मिळवला. त्यावर चौकटीचा पारदर्शक कागद ठेवायचा आणि पाइप किती चौकटींतून जातो ते मोजायचं. मग अर्ध्या आकाराच्या चौकटी, परत मोजायचं. मग आणखी बारीक. चौकटी लहान होतात तशी ही संख्या कशी वाढते, त्यावरून तो आकार किती भरगच्च आहे याचा एक आकडा निघतो. रेघ असेल तर एक, भरलेला चौकोन असेल तर दोन, आणि लिंबाची फांदी, नदीचं खोरं, आपल्या फुफ्फुसातल्या नळ्या, हे सगळं मधेच कुठंतरी. त्यातला कुठलाही तुकडा उचला, तो अख्ख्यासारखाच दिसतो. चौकटी मोजून मोजून माझे डोळे सुजले, पण माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा काहीतरी आधी मोजत होते आणि नंतर चिडणार होते.

आणि चिडण्यासारखं निघालंच. झाडाला नवी फांदी फुटली की खोडही जाड होतं. दरवर्षी थोडं. प्रत्येक पानाची तहान खोडापर्यंत पोचलेली असते. आमच्या नकाशावर फांद्यांना फांद्या फुटत गेल्या होत्या, त्यांना डहाळ्या, डहाळ्यांना काड्या, आणि खोड तेच, मुकुंदवाडीत दहा-वीस घरं होती तेव्हाचं. दुरून बघितलं तर झाडासारखं सुंदर दिसत होतं ते. ते झाड जगणारं नव्हतं. हा खरा चोर होता, पण त्याचं एक नाव नव्हतं. परवानगी देणारा, सही करणारा, प्लॉट पाडणारा, जोडणी घेणारा, आणि जोडणी घेताना गप्प बसलेले आम्ही. एका कागदावर मावणारा नव्हता तो.

दुसरं पत्रक मी लिहिलं. 'व्हॉल्व्ह आम्ही फिरवला.' माझं नाव, कबुली, लोट्याचा प्रयोग, खोडाची गोष्ट. मग ते घेऊन बाजींच्या स्कूटीवर मागं बसून हर्सूलला गेले. भिवामामा तिकडं भावाकडं होता, भावाची मेंढरं राखत.

हर्सूलचा तलाव आटलेला होता. बाजी कॅमेरा घेऊन तळात उतरल्या, भेगांचे फोटो काढायला. मोठ्या भेगेला लहान भेग, तिला आणखी लहान, चौकटी मोजण्यासारखंच सगळं. पेपरातल्या फोटोत ते दुष्काळाचं चित्र असतं. पायाखाली ते वेगळं लागतं. कडा कडक, आत अजून ओल, आणि एकेक तुकडा ताटासारखा वाकलेला. आमच्या गल्लीचा नकाशा कुणी जमिनीवर काढून ठेवला असावा, असं मला वाटलं.

काठावर सिमेंटची लांब कुंडी होती. टँकरनं नुकतीच भरलेली. मेंढरं लांबूनच पाण्याच्या वासानं बेभान झालेली. भिवामामा आणि त्याचा भाऊ काठ्या आडव्या धरून उभे. मामानं काठी जराशी उचलली, चार-पाच मेंढरं सोडली. ती पीत होती तोवर बाकीची अडवून धरली. मग आणखी चार-पाच. प्रत्येक वेळी मधे थांबायचा. थांबला की तो मान कलती करून ऐकत होता, कळपाचा आवाज.

माझं मलाच कळेना मी का थांबले. मग कळलं. दोन फेरे आणि बसायचं. दोन फेरे आणि बसायचं.

"सगळी एकदम सोडली तर?" मी विचारलं.

त्यानं वळून बघितलं. मला ओळखलं. चेहरा हलला नाही.

"तर म्होरली कुंडीत पडत्यात, मागली त्यांच्या अंगावर. तहान वाईट नसती, पोरी. घाई वाईट."

मी पत्रक पुढं केलं. त्यानं भावाला बोलावलं. भाऊ शिकलेला, त्यानं मोठ्यानं वाचलं. मामा काठीवर हनुवटी ठेवून ऐकत होता. मी माती उकरत होते. वाचून संपलं. मेंढरं पाणी ओढत होती, त्याचा तेवढा आवाज.

"ह्याच्यात माझं नाव कुठंय?" मामानं विचारलं.

भावानं परत कागद बघितला. "नाय. 'संबंधित कर्मचारी' म्हणून हाय."

मामानं बंडीच्या खिशातून एक घडी काढली. माझं पहिलं पत्रक. घड्यांवर विरलेलं, घामानं पिवळं पडलेलं. त्यानं ते उलगडलं आणि त्या ठळक ओळीवर बोट ठेवलं. त्याला अक्षरं येत नव्हती, जागा माहीत होती.

"हे मी फेकलं नाय. म्हटलं, आपलं नाव छापून आलेला कागद ह्यो येकच. आईबापानं ठिवलेलं नाव हाय. पोरीनं चांगलं मोठं छापलंय." तो हसला नाही, चिडलाही नाही. "शिवी देताना आख्खं नाव लिव्हलं. आता कामून नाय?"

 मी म्हणाले, "चुकलं मामा."

"व्हय. दोनदा."

पत्रकं फाडली. नवी छापली, त्याच्या नावाची, त्याच मोठ्या अक्षरात. सह्यांसाठी मी खड्ड्याजवळ बसले. पहिला तास कुणी आलं नाही. मग मंदाकाकू आल्या, पदर खोचलेला, हाताला अजून चिखल.

"घर धुवून धुवून हात मोडले माझे," त्या म्हणाल्या. "लिही. चावीला माझा हात होता. ह्यांचाबी लिही, ते नाय म्हणतील, तरी लिही."

त्यानंतर सह्या झाल्या. फार नाही. पुरेशा. त्या कागदाच्या जोरावर मामा परत आला, असं मी भाषणात सांगते. खरं अर्धंच आहे ते. दुरुस्तीनंतर नवा माणूस आला होता, त्यानं आदेशाप्रमाणे एका दमात अकरा फेरे दिले आणि जोड पुन्हा गळायला लागला. साहेबांना कागदापेक्षा तो गळका जोड जास्त पटला असावा. काहीही असो. पाण्याच्या दिवशी पांढरा रुमाल परत दिसला. त्यानं दोन फेरे दिले, बसला. सगळी गल्ली हंडे घेऊन उभी, आणि कुणीही चकार शब्द काढला नाही. मंदाकाकूंनाच राहवलं नाही.

"बसा मामा, निवांत बसा. पिल्लं निघू द्या."

मग त्यानं मला खुणेनं बोलावलं आणि चावीची दांडी माझ्याकडं कलती केली. मी कान लावला. लोखंड तापलेलं होतं. आधी नुसती घरघर, लांबची. मग बुडबुडे, मग मोकळ्या होणाऱ्या हवेचा एक लांब श्वास, आणि त्याच्या मागून हळूहळू भरत येणारा एक जड, सलग आवाज. तो मला ओळखू आला. गच्चीवर बाजींच्या नळीतून लोटा भरायचा तेव्हा असाच यायचा, फक्त बारीक.

"आता?" मी विचारलं.

"आता दोन."

बाजी पुढं डॉक्टर झाल्या आणि दक्षिणेकडं शिकवायला गेल्या. फोनवर अजून मला विचारतात, "नापी क्या?" भिवामामा थकला, अजिंठ्याकडच्या मूळ गावी गेला. आमच्या खड्ड्यावर आता कुलूपबंद झाकण आहे आणि नव्या मोठ्या पाइपाचे काळे तुकडे रस्त्याकडेला वर्षानुवर्षं पडून आहेत. पोरं त्यात लपाछपी खेळतात. खोड जाड व्हायची वाट आम्ही अजून बघतोय, आणि माळ संपून पुढच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत काड्या फुटल्यात. याचा मला राग येतो. येत राहील. राग सोडा, असं मला त्या उन्हाळ्यानं शिकवलेलं नाही.

आज संघटनेतली दोन नवी मुलं घरी आली होती. पत्रकाचा मसुदा घेऊन. नव्या लाइनमनचं नाव ठळक, खाली सरळ हिशेब, मथळा झकास. मला माझीच वही आठवली. मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "व्हॉल्व्हवर गेला होतात?"

"ताई, त्यात काय बघायचंय? समोर दिसतंय."

"दोन दिवस थांबा."

"उद्याच पाण्याचा दिवस आहे ताई. छापायला टाकायचंय."

मी मसुदा परत दिला नाही. तो माझ्याकडं आहे, हा लेख त्याच्याच पाठकोऱ्या बाजूवर लिहिलाय. उद्या सकाळी त्या दोघांना घेऊन खड्ड्यावर जायचंय, नव्या माणसाला पोरांना चावीला कान लावू दे म्हणून विनवायचंय. तो नाही म्हणाला तर तिथंच बसायचंय. त्याचं नाव छापायचं की नाही, ते त्यानंतर.

एक नाव मात्र आज छापते, कारण पहिला कागद विरून गेला असेल आणि दुसरा कुणी जपून ठेवत नाही. मुकुंदवाडीच्या त्या व्हॉल्व्हवर, सगळी गल्ली ओरडत असताना, सहाव्या फेऱ्याला थांबणारा माणूस: भिवा गेनू शिंगाडे.